पदनामाआधी ‘द’ लावावा का आणि पहिले अक्षर कॅपिटल असावे का: एका चिवट चुकीचे निवारण

मराठी माणसांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे. अहवाल, प्रबंधांचे सारांश, नोकरीचे अर्ज, संस्थांच्या परिचयपुस्तिका, मराठीतून इंग्रजीत नेलेली चरित्रे असे नाना प्रकारचे लेखन हाताखालून जाते, आणि त्या सगळ्यांत एक दोष इतक्या नेमाने भेटतो की नवा मजकूर उघडल्यावर मी आधी तोच शोधते. प्रेसिडेंट, डायरेक्टर, प्रोफेसर, मिनिस्टर, क्वीन, डॉक्टर असा हुद्द्याचा किंवा किताबाचा शब्द आला की लेखक दोन ठिकाणी अडखळतो: शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल की स्मॉल, आणि त्याच्या आधी ‘द’, ‘ए’ की काहीच नाही. बहुतेकांना हे दोन वेगवेगळे प्रश्न वाटतात आणि म्हणून ते दोन वेगवेगळे नियम पाठ करतात. माझा अनुभव असा आहे की मूळ प्रश्न एकच आहे. हा शब्द या वाक्यात कोणाच्या तरी नावाचा भाग आहे, नावाच्या जागी आला आहे, की केवळ सामान्यनाम आहे, एवढे ठरले की उपपद (म्हणजे ‘द’, ‘ए’, ‘ॲन’ यांपैकी शब्द) आणि कॅपिटल अक्षर दोन्ही बहुतेक वेळा आपोआप ठरतात.

ही चूक मराठी लेखकांकडून विशेष का होते, हे समजून घेतल्याशिवाय ती जात नाही. मराठीला उपपद नाही आणि देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा भेद नाही. आपण आदर दाखवतो तो क्रियापदातून आणि सर्वनामातून: ‘अध्यक्ष आले’, ‘त्यांनी सांगितले’. इंग्रजीत लिहिताना ही आदराची खूण कुठेच सापडत नाही, तेव्हा हात नकळत कॅपिटल अक्षराकडे जातो. परंतु इंग्रजीत कॅपिटल अक्षर हे नावाचे चिन्ह आहे, मानाचे नव्हे. राणीसाठीचा शब्द स्मॉल अक्षराने लिहिल्याने राणीचा अपमान होत नाही, आणि शिपायाच्या हुद्द्याला कॅपिटल अक्षर दिल्याने त्याचा मान वाढत नाही.

पुढील सर्व इंग्रजी उदाहरणे देवनागरीत लिहिली आहेत. त्यामुळे कोणते अक्षर कॅपिटल आणि कोणते स्मॉल, हे प्रत्येक ठिकाणी शब्दांत सांगितले आहे.

लक्षणे

एकाच हुद्द्याचा शब्द एका परिच्छेदात कॅपिटल आणि पुढच्या परिच्छेदात स्मॉल दिसतो, आणि तसे का, हे लेखकाला सांगता येत नाही. नावासहित आलेल्या किताबाआधी ‘द’ बसलेला असतो, जसे ‘द प्रेसिडेंट लिंकन’. व्यवसाय सांगणाऱ्या वाक्यात उपपद गायब असते, जसे ‘शी इज डॉक्टर’ किंवा ‘ही वर्क्स ॲज इंजिनिअर’. याच्या उलट, निवड किंवा नेमणूक सांगताना नको असलेला ‘ए’ येतो, जसे ‘शी वॉज इलेक्टेड ए प्रेसिडेंट ऑफ द असोसिएशन’. ‘सर आयझॅक न्यूटन’ यांचा पुढचा उल्लेख ‘सर न्यूटन’ असा होतो.

आणि एक लक्षण असे आहे की ते दिसले की रोगनिदान तिथेच पूर्ण होते. एकाच वाक्यात डायरेक्टर, चेअरमन आणि मिनिस्टर कॅपिटल अक्षराने आणि क्लार्क, ड्रायव्हर, नर्स स्मॉल अक्षराने लिहिलेले असतात. व्याकरणाच्या दृष्टीने हे सहाही शब्द त्या वाक्यात एकच काम करत असतात. फरक आहे तो फक्त लेखकाच्या मनातील उतरंडीचा. ज्या मजकुरात हे लक्षण सापडते, तिथे बाकीची लक्षणेही हमखास सापडतात.

सुरुवात करण्यापूर्वी एक इशारा. संगणकावर ‘सर्व बदला’ ही सोय वापरून सगळे ‘प्रेसिडेंट’ एकदम कॅपिटल किंवा एकदम स्मॉल करू नका. त्याने बरोबर असलेली ठिकाणेही बिघडतात, आणि मग कोणती जागा मुळात बरोबर होती हे शोधण्याचे काम दुप्पट होते. स्पेलिंग तपासणाऱ्या सोयीवरही विसंबू नका. दोन्ही रूपांचे स्पेलिंग अचूकच असल्यामुळे तिला येथे दोष दिसत नाही.

पहिली तपासणी: शब्दाला लागून लगेच नाव आहे का

ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे, कारण तिला व्याकरण लागत नाही, फक्त डोळे लागतात. हुद्द्याच्या शब्दावर बोट ठेवा आणि त्याच्या उजवीकडचा शब्द पाहा. तिथे व्यक्तीचे नाव असेल, मध्ये स्वल्पविराम नसेल आणि हुद्द्याच्या आधी कोणतेही विशेषण किंवा उपपद नसेल, तर तो शब्द नावाचाच भाग झाला आहे. त्याचे पहिले अक्षर कॅपिटल करा आणि आधी काहीही लावू नका: ‘प्रेसिडेंट लिंकन’ यातील पी कॅपिटल, ‘क्वीन व्हिक्टोरिया’ यातील क्यू कॅपिटल, ‘कॅप्टन कुक’ यातील सी कॅपिटल. या रूपात ‘द’ का चालत नाही, याचे कारण असे की इंग्रजीत एका व्यक्तीच्या नावाआधी सहसा उपपद येत नाही. ‘द लिंकन’ म्हणत नाहीत, म्हणून ‘द प्रेसिडेंट लिंकन’ असेही म्हणत नाहीत.

आता तोच शब्द नावाच्या नंतर आला तर चित्र पालटते. ‘अब्राहम लिंकन, द सिक्स्टीन्थ प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स’ या रचनेत नाव आधीच पूर्ण झाले आहे. स्वल्पविरामानंतरचा भाग त्या माणसाचे वर्णन करतो, म्हणून बहुतेक शैलीपुस्तिका (लेखनाचे संकेत ठरवून देणारी पुस्तके) येथे प्रेसिडेंटचा पी स्मॉल ठेवतात. ‘लिंकन वॉज प्रेसिडेंट फ्रॉम १८६१ टू १८६५’ यातही पी स्मॉलच. माणूस तोच, पद तेच, आदरही तोच. बदलले ते शब्दाचे काम.

माझ्याकडे येणाऱ्या मजकुरातील निम्म्याहून अधिक चुका एवढ्या एका तपासणीत निघून जातात, म्हणून ती संपूर्ण मजकुरावर एकदा पूर्ण करावी आणि मगच पुढे जावे.

दुसरी तपासणी: नाव नसेल तर त्या जागी नाव घालून पाहा

हुद्द्याला लागून नाव नसते तेव्हा अदलाबदलीची चाचणी करावी. शब्द काढून त्याच्या जागी एखादे व्यक्तिनाम ठेवा आणि वाक्य मोठ्याने वाचा. ‘गुड मॉर्निंग, डॉक्टर’ यात डॉक्टरच्या जागी नाव सहज बसते. तो शब्द नावासारखा हाक मारण्यासाठी आला आहे, म्हणून डी कॅपिटल आणि उपपद नाही. ‘आय कॉल्ड द डॉक्टर’ यात फक्त डॉक्टर हा शब्द काढून नाव ठेवले तर ‘द’ लटकत राहतो. म्हणजे येथे तो शब्द सामान्यनाम आहे आणि डी स्मॉल आहे.

हीच चाचणी नात्याच्या शब्दांनाही लागू पडते, आणि शिकणाऱ्याला मी बहुधा तिथूनच समजावून सांगते. ‘मदर सेड’ यात मदरच्या जागी आईचे नाव ठेवता येते, तेव्हा एम कॅपिटल. ‘माय मदर सेड’ यात ‘माझी’ या अर्थाचा शब्द आधी असल्यामुळे नाव बसत नाही, तेव्हा एम स्मॉल. एकदा हे आईच्या बाबतीत पटले की मंत्र्याच्या बाबतीतही पटते, कारण आईबद्दलचा आदर एम स्मॉल झाल्याने कमी झाला असे कोणालाच वाटत नाही.

या चाचणीतून एक व्यवहारी खूण हाती लागते. ‘द’, ‘ए’, ‘ॲन’, ‘माय’, ‘अवर’, ‘देअर’ यांपैकी काहीही हुद्द्याच्या आधी असेल तर पहिले अक्षर बहुतेक वेळा स्मॉल असते. उपपद आणि कॅपिटल अक्षर सहसा एकत्र नांदत नाहीत. याला अपवाद आहेत, ते पुढे पाचव्या आणि सहाव्या तपासणीत येतील, परंतु संशयाच्या क्षणी ही खूण आधी आठवावी. हाक मारताना येणाऱ्या ‘सर’ आणि ‘मॅडम’ या शब्दांची गोष्ट थोडी निराळी आहे: वाक्याच्या मध्ये ‘यस, सर’ असे लिहिताना एस स्मॉल ठेवण्याची पद्धत रूढ आहे, मात्र पत्राच्या आरंभीच्या ‘डिअर सर’ मध्ये तो संकेताने कॅपिटल असतो.

तिसरी तपासणी: पद एकट्याचे की अनेकांचे

येथून काम थोडे कठीण होते, कारण आता वाक्याबाहेरची माहिती लागते. सामान्यनाम आहे एवढे ठरल्यावर त्याच्या आधी ‘ए’ हवा, ‘द’ हवा की काहीच नको, हे ठरवण्यासाठी एका वेळी ते पद किती जणांकडे असते हे ठाऊक असावे लागते.

इंग्रजीत मोजता येणारे एकवचनी नाम उघडे उभे राहू शकत नाही, हा पायाभूत नियम आहे. ‘ती डॉक्टर आहे’ हे मराठी वाक्य पूर्ण आहे, परंतु ‘शी इज डॉक्टर’ हे इंग्रजी वाक्य अपुरे आहे. डॉक्टर असंख्य असतात आणि ती त्यांपैकी एक आहे, म्हणून ‘शी इज ए डॉक्टर’. ‘ॲज’ नंतरही हाच न्याय: ‘ही वर्क्स ॲज ॲन इंजिनिअर’. मराठीत ‘इंजिनिअर म्हणून’ एवढे म्हणून भागते, त्यामुळे हा ‘ॲन’ सर्वाधिक वेळा निसटतो.

पद एकट्याचे असेल तर मात्र नियम सैल होतो. निवडणे, नेमणे, जाहीर करणे, राज्याभिषेक करणे या अर्थाच्या क्रियापदांनंतर, आणि ‘असणे’ किंवा ‘होणे’ यानंतरही, एका वेळी एकाच व्यक्तीकडे असणारे पद उपपदाशिवाय येऊ शकते. ‘व्हिक्टोरिया बिकेम क्वीन इन १८३७’ हे वाक्य बरोबर आहे, कारण राज्याला एका वेळी एकच राणी. ‘जॉन मार्शल वॉज अपॉइंटेड चीफ जस्टिस इन १८०१’ हेही बरोबर, कारण सरन्यायाधीश एकच. परंतु साधा न्यायाधीश नेमला गेला तर ‘वॉज अपॉइंटेड ए जज’, कारण न्यायाधीश अनेक. या सर्व ठिकाणी पदाचे पहिले अक्षर स्मॉलच राहते. ‘द पोस्ट ऑफ डायरेक्टर’ यासारख्या रचनेत डायरेक्टर उपपदाशिवाय येतो, कारण तिथे तो शब्द व्यक्ती दाखवत नाही, पदाचे नाव सांगतो.

या तपासणीकडे दुर्लक्ष केले तर केवळ व्याकरण बिघडत नाही, अर्थ बदलतो. ‘ए डायरेक्टर ऑफ द कंपनी’ याचा अर्थ संचालक मंडळातील एक संचालक. ‘द डायरेक्टर ऑफ द कंपनी’ याचा अर्थ त्या कंपनीचा एकमेव संचालक, किंवा ज्याचा उल्लेख आधी झाला आहे तो. एका न्यासाच्या परिचयपत्रात सात विश्वस्तांपैकी एकाची ओळख ‘द ट्रस्टी’ अशी करून दिलेली मी पाहिली आहे. वाचणाऱ्याला तो एकटाच सारा कारभार पाहतो असे वाटले असते, आणि बाकीचे सहा जण एका उपपदामुळे नाहीसे झाले असते. म्हणून लेखकाला मी नेहमी विचारते: ‘असे किती जण आहेत?’ उत्तर माहीत नसेल तर उपपदाचा अंदाज बांधत बसू नये, संबंधितांना विचारावे.

दोन पदे ‘अँड’ने जोडलेली असतील तिथेही हीच काळजी घ्यावी. ‘द चेअरमन अँड मॅनेजिंग डायरेक्टर’ असे लिहिले की दोन्ही पदे एकाच व्यक्तीकडे आहेत असे वाचले जाते. दुसऱ्या पदाआधी पुन्हा ‘द’ लावला की दोन व्यक्ती दिसू लागतात, आणि क्रियापदही अनेकवचनी हवे असते.

‘ए’ की ‘ॲन’ या पोटप्रश्नात मात्र देवनागरी आपल्याला मोठी मदत करते. इंग्रजी शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा देवनागरीत लिहून पाहा. पहिले अक्षर स्वर असेल तर ‘ॲन’, व्यंजन असेल तर ‘ए’. ‘एमपी’ हा ‘ए’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन एमपी’. ‘ऑनररी सेक्रेटरी’ हा ‘ऑ’ने सुरू होतो, म्हणून ‘ॲन’. ‘युनिव्हर्सिटी प्रोफेसर’ आणि ‘युरोपियन कमिशनर’ हे ‘य’ने सुरू होतात, म्हणून ‘ए’. इंग्रजी स्पेलिंगकडे पाहून ठरवणारा माणूस या सगळ्या ठिकाणी फसतो, आणि उच्चारानुसार लिहिणाऱ्या लिपीत वाढलेल्या माणसाला हे उत्तर घरबसल्या मिळते.

चौथी तपासणी: हुद्द्याच्या आधी काय आहे आणि स्वल्पविराम कुठे आहे

पहिल्या तपासणीत ‘आधी विशेषण किंवा उपपद नसेल तर’ अशी अट घातली होती. ती पुरी होत नाही तेव्हा पंडितांतही एकमत नसते. ‘माजी’ या अर्थाचा ‘फॉर्मर’ किंवा देशाचे विशेषण हुद्द्याआधी आले आणि हुद्द्यानंतर नाव आले, तर द शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल ही शैलीपुस्तिका त्या हुद्द्याला वर्णन मानते आणि स्मॉल अक्षर वापरते. तिच्या मते ‘फॉर्मर प्रेसिडेंट कार्टर’ यातील पी स्मॉल आणि ‘जर्मन चॅन्सेलर आंगेला मेर्केल’ यातील चॅन्सेलरचा सी स्मॉल. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका या दोन्ही ठिकाणी हुद्दा कॅपिटल ठेवते, कारण तिच्या दृष्टीने नावाला लागून असलेला औपचारिक हुद्दा हा हुद्दाच. दोन्ही पद्धती प्रतिष्ठित आहेत. एका मजकुरात एकच पाळावी.

व्यवसाय किंवा वर्णन सांगणारे शब्द मात्र या दोहोंच्याही मते हुद्दे नव्हेत. फिजिसिस्ट, पोएट, ॲस्ट्रोनॉट, सिंगर हे शब्द नावाला लागून आले तरी स्मॉल. ‘द फिजिसिस्ट मेरी क्युरी’ असे ‘द’ लावून लिहिणे हे जुने आणि भारदस्त रूप आहे. ‘फिजिसिस्ट मेरी क्युरी’ असे ‘द’ गाळलेले रूप बातम्यांच्या भाषेतून पसरले, आणि काही वृत्तपत्रांच्या शैलीत ते आजही टाळले जाते. प्रबंधात आणि चरित्रात मी ‘द’ ठेवते, कारण वाक्य त्याने सावकाश आणि नीट चालते. हा माझा कल आहे, नियम नव्हे. एखादा शब्द हुद्दा आहे की वर्णन, हे ओळखायचे असेल तर त्या शब्दाने त्या माणसाला हाक मारता येते का, ते पाहावे. ‘प्रोफेसर’ अशी हाक मारता येते, ‘फिजिसिस्ट’ अशी कोणी मारत नाही.

स्वल्पविरामाचा हिशेब पुन्हा त्याच जुन्या प्रश्नाकडे नेतो: असे किती जण? ‘द प्राइम मिनिस्टर, विन्स्टन चर्चिल, स्पोक टू द नेशन’ असे १९४० सालाबद्दल लिहिताना नावाच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा, कारण पंतप्रधान एकच होता आणि नाव ही जादा माहिती आहे. ‘द फिजिसिस्ट मेरी क्युरी’ यात स्वल्पविराम नको, कारण भौतिकशास्त्रज्ञ अनेक आहेत आणि त्यांपैकी कोण हे नावानेच कळते. याच कारणाने ‘द फॉर्मर प्राइम मिनिस्टर विन्स्टन चर्चिल’ यातही स्वल्पविराम नाही, कारण माजी पंतप्रधान पुष्कळ असतात. एक स्वल्पविराम देऊन दुसरा विसरणे ही फार आढळणारी चूक आहे. दिले तर दोन्ही द्यावेत.

पाचवी तपासणी: किताबाच्या अंगचाच ‘द’

आता दुसऱ्या तपासणीतील खुणेचे अपवाद. ‘द ड्यूक ऑफ वेलिंग्टन’ यात ‘द’ आहे आणि तरीही ड्यूकचा डी कॅपिटल आहे. कारण सरदारकीचा किताब हे काही कार्यालयीन पद नव्हे. तो पूर्ण स्वरूपात आला की त्या माणसाच्या नावाचेच काम करतो. पुढच्या वाक्यात नुसते ‘द ड्यूक’ म्हटले की शिकागोच्या पद्धतीत डी पुन्हा स्मॉल होतो.

काही आदरदर्शक शब्द नावाआधी येऊनही ‘द’ मागतात. ‘द रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग’ हे त्याचे परिचित उदाहरण. ‘रेव्हरंड’ आणि ‘ऑनरेबल’ हे शब्द मुळात विशेषणे आहेत, हुद्दे नव्हेत, म्हणून औपचारिक लेखनात त्यांच्याआधी ‘द’ राहतो आणि त्यांचे पहिले अक्षर कॅपिटल असते.

‘सर’ या किताबाचे वळण याच्या अगदी उलट आहे. त्याच्याआधी ‘द’ येत नाही, आणि तो पहिल्या नावाला चिकटतो, आडनावाला नव्हे. न्यूटन यांना १७०५ साली नाइट हा सन्मान मिळाला. त्यानंतरचा त्यांचा उल्लेख ‘सर आयझॅक न्यूटन’ किंवा ‘सर आयझॅक’ असा होतो, ‘सर न्यूटन’ असा कधीच होत नाही. मराठीत आडनावानंतर ‘सर’ लावण्याची सवय इतकी अंगवळणी पडलेली आहे की ही चूक सुशिक्षित लेखकांच्या हातूनही होते.

‘मिस्टर’सारख्या शब्दांआधी ‘ए’ आला तर तो नेहमी चूक असतोच असे नाही. ‘ए मिस्टर स्मिथ कॉल्ड’ याचा अर्थ स्मिथ नावाच्या, आपल्या ओळखीच्या नसलेल्या कोणी गृहस्थांनी फोन केला. हा अर्थ अभिप्रेत असेल तर ‘ए’ काढू नका.

सहावी तपासणी: मजकूर कोणत्या पद्धतीने चालला आहे

वरील सर्व करूनही काही ठिकाणे उरतात, आणि तिथे व्याकरण संपून संकेत सुरू होतो. अमेरिकी सरकारच्या मुद्रणालयाची शैलीपुस्तिका अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांसाठीचा ‘द प्रेसिडेंट’ हा शब्द नाव नसतानाही कॅपिटल पी देऊन लिहायला सांगते. शिकागो आणि असोसिएटेड प्रेस तिथे स्मॉल ठेवतात. ब्रिटिश राजघराण्याच्या अधिकृत मजकुरात ‘द किंग’ यातील ‘द’चा टी देखील वाक्याच्या मध्यभागी कॅपिटल असतो, जो अन्य कोणत्याही लेखनात खटकेल.

जुने दस्तऐवज समोर ठेवून लिहिणाऱ्यांची फसगत आणखी एका कारणाने होते. १८ व्या शतकापर्यंत इंग्रजी छपाईत साध्या नामांनाही कॅपिटल अक्षर देण्याची प्रथा होती. १७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत कार्यकारी सत्ता ‘ए प्रेसिडेंट ऑफ द युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ याच्याकडे राहील असे म्हटले आहे, आणि त्यात ‘ए’ असूनही पी कॅपिटल आहे. त्याच वाक्यातील ‘सत्ता’ या अर्थाच्या ‘पॉवर’ या शब्दाचाही पी कॅपिटल आहे. तेव्हा ते उदाहरण आजच्या लेखनासाठी आधार म्हणून देता येत नाही. उद्धृत करताना मात्र ते जसेच्या तसे ठेवावे.

या टप्प्यावर एक कागद घ्यावा आणि मजकुरात येणाऱ्या प्रत्येक हुद्द्यासमोर तीन रूपे लिहून ठेवावीत: नावाआधी कसा, नावानंतर कसा, एकटा आला तर कसा. शंभर पानी अहवालालाही असा कागद एकच पुरतो. दहा लेखकांनी मिळून केलेल्या मजकुरात ही यादी नसेल तर पहिल्या पाचही तपासण्या पुन्हा पुन्हा कराव्या लागतात.

सातवी तपासणी: दोष हुद्द्याचा आहे की शीर्षकाचा

इंग्रजीत पुस्तकाच्या किंवा लेखाच्या शीर्षकालाही ‘टायटल’ म्हणतात आणि हुद्द्यालाही, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो. शीर्षकाचा पहिला शब्द ‘ए’, ‘ॲन’ किंवा ‘द’ असला तरी त्याचे पहिले अक्षर कॅपिटल असते. तेच शब्द शीर्षकाच्या मध्ये आले की स्मॉल असतात, मात्र अपूर्णविरामानंतर (:) उपशीर्षक सुरू होताना पुन्हा कॅपिटल. ‘इज’ आणि ‘बी’ हे शब्द लहान दिसतात म्हणून पुष्कळ जण ते स्मॉल ठेवतात, परंतु ती क्रियापदे आहेत आणि शीर्षकाच्या मध्येही त्यांचे पहिले अक्षर कॅपिटलच हवे. ‘विथ’, ‘फ्रॉम’ यांसारख्या चार अक्षरी शब्दयोगींबाबत मतभेद आहेत. मानसशास्त्रात आणि सामाजिक शास्त्रांत चालणारी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धत चार किंवा अधिक अक्षरांच्या शब्दांना कॅपिटल देते.

थांबावे कुठे

काही ठिकाणी स्वतः दुरुस्ती करणे धोक्याचे असते. करारनाम्यात ‘द डायरेक्टर’ यातील डी कॅपिटल दिसला तर तो चुकीचा समजून स्मॉल करू नका. अशा दस्तऐवजात आरंभी व्याख्या दिलेल्या असतात आणि कॅपिटल अक्षर ‘व्याख्येत सांगितलेलाच डायरेक्टर’ असा अर्थ वाहून नेते. तिथे अक्षर बदलणे म्हणजे मजकुराचा अर्थ बदलणे होऊ शकते, म्हणून ते काम वकिलाचे. प्रमाणपत्रे, पारपत्रे आणि अधिकृत नोंदींतील रूपही जसे आहे तसेच उतरवावे.

ब्रिटिश सरदार घराण्यांच्या किताबांबाबतही अंदाज करू नये. ‘लेडी’ नंतर पहिले नाव आणि आडनाव आले तर ती बहुधा ड्यूक, मार्क्विस किंवा अर्ल यांची कन्या असते. ‘लेडी’ नंतर नुसते आडनाव किंवा किताब आला तर ती सहसा नाइटची, बॅरोनेटची किंवा उमरावाची पत्नी असते. एका नावाच्या फरकाने नाते बदलते, तेव्हा त्या व्यक्तीच्या कार्यालयाला विचारून घ्यावे.

छापून जाणारे पुस्तक, विद्यापीठाने शैली ठरवून दिलेला प्रबंध, किंवा अनेक हातांनी लिहिलेला मोठा अहवाल असेल, आणि सहाव्या तपासणीनंतरही यादीत दहा-पंधरा शंकास्थाने उरली असतील, तर व्यावसायिक संपादकाकडे जावे. जाताना तीन गोष्टी सोबत द्याव्यात: कोणती शैलीपुस्तिका पाळायची आहे, तुम्ही तयार केलेली हुद्द्यांची यादी, आणि प्रत्येक पदावर एका वेळी किती व्यक्ती असतात याची नोंद. पहिल्या दोन गोष्टी संपादक स्वतः जमवू शकतो, तिसरी मात्र त्याला मजकुरातून कळत नाही, आणि ‘ए’ की ‘द’ याचा निर्णय तिच्यावाचून होत नाही.